गावातच वाजवत राहिलेली माणसे

गोव्याच्या संगीताचा इतिहास म्हणून जो सांगितला जातो, तो बहुतांशी गोवा सोडून गेलेल्यांचा असतो. हळदोण्याचे आंतोनियो शावियेर व्हाझ मुंबईला गेले, ‘चिक चॉकलेट’ या नावाने त्यांचा ट्रम्पेट गाजला आणि सी. रामचंद्र यांच्या चित्रपटसंगीतात त्याचा रंग उतरला. रेईश मागूशचे सेबास्तियन डिसोझा शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांसाठी वाद्यमेळ लिहीत. कुडचड्याचे फ्रँक फर्नांड ट्रम्पेटवादक म्हणून नावारूपाला आले आणि पुढे त्यांनी ‘आमचें नशीब’ (१९६३) व ‘निर्मोण’ (१९६६) हे कोंकणी चित्रपट काढले. केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई, मंगेशीचे दीनानाथ यांची नावे तर साऱ्या महाराष्ट्राला पाठ आहेत. या यादीबद्दल अभिमान वाटावा हे योग्यच. मात्र गावाचे संगीत केवळ अशा यादीने जिवंत राहत नाही. जे गेले त्यांच्यामागे फेस्ताला, चवथीला, शिगम्याला, भजनी सप्त्याला कोणीतरी वाजवतच होते. ती माणसे गावातच राहिली, दिवसा नोकरी-शेती करून संध्याकाळी वाद्य हाती घेत राहिली आणि म्हातारी होईपर्यंत वाजवत राहिली. त्यांची नावे मात्र गावाबाहेर कोणाला ठाऊक नसतात.

या लेखाचे म्हणणे थोडक्यात असे: व्यावसायिक कलावंताला आपण त्याने गाठलेल्या उंचीवरून तोलतो आणि ते रास्त आहे. हौशी वादकालाही तेच माप लावले की तो कायम उणा ठरतो. त्याचे खरे माप त्याच्या चिकाटीची लांबी हे आहे. तो किती वर्षे उभा राहिला, त्या वर्षांत गावाचे किती प्रसंग त्याने निभावले आणि किती पोरांच्या हाती वाद्य दिले, हे पाहावे लागते. चाळीस-पन्नास वर्षे ब्रास बँडमध्ये वाजवलेला माणूस जातो तेव्हा एका छांदिष्टाचे आयुष्य संपते एवढेच आपण समजतो. खरे पाहता गावाची एक संस्थाच तेव्हा बंद पडते. तिचे दप्तर कोणी मांडून ठेवलेले नसते, म्हणून ते नुकसान दिसत नाही.

या हौशी परंपरेचा उगम समजून घेतला पाहिजे. पोर्तुगीज अमलात बार्देश, तिसवाडी, सासष्टी या जुन्या काबिजादीत चर्चला जोडून पॅरिश शाळा चालत. तिथे मुलांना प्रार्थनेबरोबर स्वरलिपी वाचायला शिकवीत आणि व्हायोलिनवर हात बसवीत. शिकवणारा तो मेस्त. चर्चमधले गायन बसवणे, फेस्तासाठी वादकांची जुळवाजुळव करणे आणि पोरांना घडवणे ही सगळी कामे त्याचीच. शेकडो वर्षे गावोगाव हे काम चालले, म्हणून ज्यांच्या घरी जमीनजुमला नव्हता अशा मुलांनाही कागदावरचे सूर वाचता येत होते. त्याच बळावर गोमंतकीय वादक संस्थानांच्या बँडांत, हॉटेलांत, जहाजांवर आणि पुढे चित्रपटांच्या स्टुडिओंत पोहोचले. गावात राहिलेल्यांच्या कामीही हेच शिक्षण आले. फेस्ताच्या पहाटे गावभर फिरून वाजवायची आल्वोराद, दिवे लागल्यावरची लादाईन, मिरवणूक, लग्न आणि शेवटी अंत्ययात्रा, एवढा सगळा पसारा या वादकांवर चाले. मिळणारे मानधन जेमतेम असे. त्यावर कोणाचे घर चालत नसे.

पितळी वाद्य हे हौसेखातर उचलावे असे सोपे वाद्य नाही. ट्रम्पेटची नळी उलगडली तर जवळपास दीड मीटर भरते, युफोनियमची त्याच्या दुप्पट. त्यात पत्ती नसते, तार नसते. ओठ आवळून फुंकताना त्यांचीच जी थरथर होते, तीच नळीत घुमून सूर होते. तीन व्हॉल्व्ह दाबून नळीची लांबी कमी-जास्त करता येते: मधला व्हॉल्व्ह सूर अर्ध्या स्वराने उतरवतो, पहिला पूर्ण स्वराने, तिसरा दीड स्वराने. त्यांच्या वेगवेगळ्या जोड्यांतून नळीच्या सात लांब्या मिळतात. त्या प्रत्येक लांबीत कोणता सूर निघायचा हे मात्र ओठांच्या ताणावर आणि दमावर ठरते. म्हणूनच आठवडाभर वाद्याला हात लावला नाही तरी ओठ सैल पडतात, हे प्रत्येक वादक जाणतो. वयाचा मार तर थेट तोंडावर बसतो. पुढचे दात हलू लागले की कॉर्नेट-ट्रम्पेटचा लहान माउथपीस टेकवणे जड जाते. मग वादक मोठ्या माउथपीसचे युफोनियम किंवा बास घेतो, तेही जमेनासे झाले की ढोल किंवा झांज घेतो. म्हणजे सत्तरीतला जो माणूस अजून बँडमध्ये उभा आहे, त्याने उमेदीत कमावलेली जागा एकदा तरी सोडून नव्याने शिकलेले असण्याचा संभव मोठा. मिरवण्याचा मोह असलेला माणूस असे सहसा करणार नाही. बँड अपुरा पडू नये एवढीच ज्याची इच्छा आहे, तोच करील.

पेडणे आणि डिचोलीचा नकाशा जरा वेगळा आहे. हे महाल अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगिजांकडे गेले. त्यांची गणना नव्या काबिजादीत होते. तोवर सक्तीच्या धर्मांतराचा काळ मागे पडला होता आणि इथल्या लोकांचे धर्म व रूढी राखण्याचे धोरण राज्यकर्त्यांनी स्वीकारले होते. त्यामुळे इथे देऊळ, मांड आणि जत्रा यांची घडी टिकली. पेडणे, हरमल, डिचोली इथे चर्च आहेत, फेस्तेही होतात. परंतु बार्देश-सासष्टीत जे काम मेस्त आणि त्याच्या पितळी वाद्यांनी केले, तेच काम या भागात मुख्यतः पखवाज, हार्मोनियम, घुमट, शामेळ, कांसाळे, ढोल आणि ताशा वाजवणाऱ्यांनी केले. पेडण्याचा दसरा आणि कोजागिरीची पुनव, शिरगावची लईराईची जत्रा, साखळीच्या विठ्ठलाची चैत्री, साळचे गडे, गावोगावचा रोमटामेळ, यांतला कोणताही उत्सव वाद्यावाचून उभा राहत नाही. आणि वाजवणाऱ्यांत शिक्षक असतात, शेतकरी असतात, कारकून असतात, खाणीवर राबलेले कामगार असतात. ब्रास बँडमधला कॉर्नेटवाला आणि चवथीच्या आरतीतला घुमटवाला हे एकाच जातकुळीचे कलावंत आहेत. वाद्य आणि दैवत वेगळे असले, तरी गावाशी त्यांचे नाते एकच आहे.

घुमटाचेच उदाहरण घ्या. दोन्ही बाजूंनी उघडे असे हे मातीचे भांडे. रुंद तोंडावर कातडे ताणून बसवायचे. एका हाताने त्यावर बोल काढायचे आणि दुसऱ्या हाताने अरुंद तोंड झाकत-उघडत आतली हवा कोंडायची व मोकळी करायची. त्या उघडझापेनेच त्याला तो खोल घुमारा येतो. पूर्वी यासाठी घोरपडीचे कातडे वापरीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळाले, ते हवेच होते. त्यानंतर बकऱ्याच्या कातड्यावर वाद्य नव्याने बसवावे लागले. कातडे बदलले की ताण बदलतो, हाताचा दाब बदलतो, बोलाचा पोत बदलतो. जुना आवाज कानात असलेल्या वादकांनीच हा बदल निभावला, कारण नव्या कातड्यातून कोणता नाद शोधायचा हे त्यांनाच ठाऊक होते. २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली. त्या मान्यतेआधीच्या कठीण वर्षांत घुमट ज्यांच्या हातांत जिवंत राहिले, ती सगळी गावची माणसे होती. परंपरा टिकवणे म्हणजे जुनी वस्तू जपून ठेवणे एवढेच नव्हे. परिस्थिती पालटली तरी वाजवणे खंडू न देणे हा तिचा खरा अर्थ आहे, आणि त्यासाठी दोन्ही काळ पाहिलेला माणूस लागतो.

दीर्घ आयुष्याचे महत्त्व इथे स्पष्ट होते. गावाचे संगीत वर्षाच्या चक्रावर चालते. चवथीच्या आरत्यांचे ठेके वर्षातून मोजके दिवस वाजतात, शिगम्याचे ताल तसेच, फेस्तातल्या काही चालींना तर वर्षातून एकदाच वाव मिळतो. अशा गोष्टी एका हंगामात शिकून होत नाहीत. वीस चवथी वाजवल्यावर कुठे सुंवारी कशी चढवायची आणि कुठे थांबायचे हे हातात मुरते, आणि ते पुढच्याला द्यायला आणखी वीस चवथी लागतात. मोठा कलावंत एका मैफलीत इतिहास घडवू शकेल, पण वर्षातून एकदाच येणारे संगीत पुढच्या पिढीला द्यायचे तर दरवर्षी हजर राहणारा माणूस हवा. त्या हजेरीला दुसरा पर्याय नाही.

बाहेर गेलेल्या मोठ्या कलावंतांकडे या दृष्टीने पाहिले तर त्यांच्यामागेही हीच माणसे उभी दिसतात. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ या चित्रपटातून अँथनी गोन्साल्विस हे नाव घराघरांत गेले. संगीतकार जोडीतील प्यारेलाल यांनी आपल्या व्हायोलिनच्या गुरूंना वाहिलेली ती आदरांजली होती. हे गुरू माजोर्ड्याचे. १९५८ मध्ये त्यांनी मुंबईत भारतीय रागसंगीत आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांना एकत्र आणणारा मोठा प्रयोग केला. त्यांना पहिले धडे देणारे त्यांचे वडील गावच्या चर्चमध्ये संगीत सांभाळत. चित्रपटाच्या गाण्यापासून मागे मागे गेले की आपण माजोर्ड्याच्या एका चर्चच्या माडीवर पोहोचतो. फ्रँक फर्नांड यांचीही सुरुवात पॅरिशच्या शिक्षणातूनच झाली. अशा प्रत्येक प्रसिद्ध नावामागे गाव न सोडलेला एक शिक्षक असतो. प्रसिद्धी शिष्याला मिळाली, ती मिळायलाच हवी होती. ज्याने नोटेशन वाचायला शिकवले त्याची नोंद इतिहासात असू नये, याचे समर्थन मात्र कशानेच होत नाही.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप दर्जाचा: हौशी वादन म्हणजे बेसूर, अर्धेकच्चे वादन, त्याचे एवढे कौतुक कशाला? अनेक ठिकाणी हे खरेही असते, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण हौशी असणे आणि कच्चे असणे यांचा संबंध अटळ नाही. इंग्लंडमधल्या पितळी बँडांचा इतिहास याची साक्ष देतो. यॉर्कशरमधल्या कापड गिरणीशी जोडलेला ब्लॅक डाइक बँड १८५५ पासून चालत आला आहे. ग्राइमथॉर्प या कोळसा खाणीच्या गावातला बँड १९१७ चा. हे वादक दिवसा गिरणीत किंवा खाणीत काम करीत आणि संध्याकाळी तालीम करीत. तरीही ग्राइमथॉर्पसाठी हॅरिसन बर्टविसलसारख्या आधुनिक संगीतकाराने खास रचना लिहिली. १९९२ मध्ये खाणी बंद करण्याची घोषणा झाली आणि त्याच महिन्यात या बँडने राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. पुढच्या वर्षी खाण बंद झाली, बँड आजही वाजतो आहे. तिथल्या यशाचे कारण नियमित तालीम, चांगला शिकवणारा आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकणारी वाद्यांची व कागदांची मालकी हे होते. आपल्याकडे दर्जा घसरला असेल तर या तीन गोष्टींची उणीव भरून काढावी. हौसेला दोष देऊन काही साधणार नाही.

डिचोलीला हे उदाहरण विशेष लागू पडते. इथेही गावांचे अर्थकारण खनिजाभोवती फिरत होते. २०१२ मध्ये खाणकाम थांबले, ते पुन्हा सुरू होऊन २०१८ मध्ये पुन्हा थांबले. ट्रक उभे राहिले, रोजगार गेले, घरांची घडी विस्कटली. तरी खाणींच्या वेढ्यात असलेल्या शिरगावची जत्रा त्या वर्षांतही भरलीच. पैशावर उभी असलेली करमणूक पैशाबरोबर जाते. माणसांच्या बांधिलकीवर उभे असलेले संगीत वाईट वर्षांतही उरते, आणि गावाला वाईट वर्षांतच त्याची गरज जास्त असते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ‘हौस’ या गोड नावाखाली आपण फुकटची सेवा आणि जातीची सक्ती झाकत नाही ना? गोव्याच्या देवळांतले वादन आणि गायन दीर्घकाळ विशिष्ट समाजांवर वंशपरंपरेने लादलेले होते. ज्यांना नकार देण्याचा अधिकारच नव्हता, त्यांच्या वादनाला हौस म्हणणे हा अन्यायच ठरेल. राजाराम पैंगीणकर यांचे ‘मी कोण?’ हे आत्मकथन याच व्यवस्थेतून आलेल्या माणसाचा प्रश्न मांडते, आणि गोमंतक मराठा समाजाची चळवळ त्या जोखडातून बाहेर पडण्यासाठीच उभी राहिली. त्यामुळे इथे रेघ स्पष्ट ओढली पाहिजे. ज्याला नाही म्हणता येत होते आणि तरी जो आला, तोच हौशी. ज्याला नाही म्हणता येत नव्हते त्याची आठवण कर्तबगारीबरोबर अन्यायाची नोंद करूनच ठेवावी लागेल. हीच कसोटी बायकांच्या बाबतीत उलट बाजूने लागू होते. बँडमध्ये, मांडावर, घुमटाशेजारी त्यांना पिढ्यान्‌पिढ्या जागाच नव्हती. आज महिलांची भजनी मंडळे स्पर्धांत उतरतात, घुमट आरतीची पथकेही तयार झाली आहेत. हौशी संगीताला भविष्य असेल तर ते या नव्याने खुल्या झालेल्या दारातून येण्याची शक्यता मोठी आहे.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा: आता स्पीकर आहेत, रेकॉर्डिंग आहे, एक माणूस सगळा कार्यक्रम वाजवून देतो, मग पंधरा वादकांची मोट कशाला बांधायची? याचे उत्तर मिरवणुकीतच आहे. पालखी वळणावर थांबते, खांदेकरी बदलतात, कोणी ओवाळायला पुढे येते. जिवंत वादक त्या थांबण्याबरोबर थांबतो, फिरून ठेका धरतो, चाल लांबवतो. अंत्ययात्रेतला बँड शवपेटी उचलणाऱ्यांच्या पावलांकडे पाहून वाजवतो. रेकॉर्ड केलेले गाणे आपल्या वेळेने संपते, समोर काय चालले आहे ते त्याला कळत नाही. जिथे संगीत केवळ ऐकायचे असते तिथे रेकॉर्डिंग चालेल. जिथे संगीत विधीला सोबत करते तिथे विधी पाहणारा माणूसच लागतो.

चौथा आक्षेप असा की सरकार आणि संस्था हे काम करीतच आहेत. कला अकादमीच्या भजनी स्पर्धांनी गावोगावच्या मंडळांना व्यासपीठ दिले, पाश्चात्त्य संगीताचे शिक्षणही तिथे मिळते, आणि वयोवृद्ध कलाकारांसाठी राज्याची कला सन्मान योजना आहे. या कामाचे मोल मोठे आहे. तरी त्याची मर्यादाही ओळखावी. स्पर्धेत ठरावीक मिनिटांत परीक्षकांसमोर काय सादर झाले ते मोजले जाते. एखाद्या वादकाने तीस वर्षे दर गुरुवारी पोरांना जमवून शिकवले, हे कोणत्याच गुणपत्रिकेत बसत नाही. मानधन गरजेचे आहे, पण ते कलाकाराच्या औषधपाण्याला पुरते, त्याच्या डोक्यातल्या चाली कागदावर आणत नाही. त्याच्या कामाचे स्वरूपच वेगळे असल्याने त्याची नोंदही वेगळी ठेवावी लागेल.

ती नोंद कशी असावी? पहिली गोष्ट कागदांची. जुन्या बँडांत प्रत्येक वाद्याचा भाग हाताने उतरवलेल्या वह्या असतात. भजनी बुवांकडे अभंगांच्या, चालींच्या वह्या असतात. मालक गेला की त्या माळ्यावर जातात आणि एका पावसाळ्यात वाळवी किंवा ओल त्यांचा निकाल लावते. गावच्या वाचनालयाने, चर्चने, देवस्थानाने त्यांच्या प्रती काढून ठेवणे आज फोनच्या कॅमेऱ्यानेही शक्य आहे. दुसरी गोष्ट गुरुपरंपरेची: तुम्हाला कोणी शिकवले, तुम्ही कोणाला शिकवले, हे दोन प्रश्न प्रत्येक वृद्ध वादकाला विचारून उत्तरे लिहून ठेवली तर दहा गावांतून एक अख्खा नकाशा उभा राहील. तिसरी गोष्ट ध्वनीची: केवळ सादरीकरण ध्वनिमुद्रित करून भागत नाही, तो शिकवत असतानाचा तास मुद्रित करायला हवा. पोर कुठे चुकते आणि म्हातारा ते कसे सुधारतो, यातच परंपरेचे खरे शास्त्र असते. पूर्ण वाजवलेल्या आरतीत ते दिसत नाही.

आणि श्रद्धांजलीचा मजकूरही बदलायला हवा. ‘मनमिळाऊ स्वभावाचे, संगीताची आवड असलेले’ एवढ्यावर एखाद्या वादकाचे आयुष्य उरकू नये. कोणते वाद्य, कोणत्या वर्षापासून, कोणत्या मांडावर किंवा कोणत्या बँडमध्ये, कोणत्या चाली त्यालाच येत होत्या आणि आता त्या कोणाला येतात, हे त्यात आले पाहिजे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘कोणालाच नाही’ असे असेल, तर तेही स्पष्ट लिहावे, म्हणजे पुढच्या गावाला वेळीच जाग येईल. गोव्याने आपल्या मोठ्या कलावंतांचा सन्मान केला तो उचितच केला. आता पेडण्यापासून काणकोणापर्यंतच्या गावांनी आपापल्या सर्वांत जुन्या वादकाकडे जावे. तो हयात असताना, त्याला सांगता येत असताना जावे आणि त्याच्या वहीची पाने एकेक करून उतरवून घ्यावीत. गोमंतकाच्या संगीताचा पुढचा इतिहास याच कामातून लिहिला जाईल, आणि ते काम करायला त्या वादकासारखीच चिकाटी लागेल.